मुंग्यांची दोरी

"खायचं ते मुकाट खावं की! अशी दोरी धरून साऱ्या शिवाराला काय दावायलाव?"

सासूबाई मुंग्यांना रागे भरत होत्या. एकीकडं रागवायचं आणि दुसरीकडं वारुळांच्या तोंडाशी चिमूट चिमूट ज्वारीचं पीठ घालायचं. मी कळशी घेऊन मागंच उभी होते.

"माणसाला भाकर पुरंना, आन् तुम्ही मुंग्यांला पीठ घालायलाव?"

"तू तुझी कळशी सांभाळ," तुळजाबाई म्हणाल्या. आम्हा सासू-सुनांचं प्रेम ह्याच भाषेत चालायचं.

लातूर नवा जिल्हा झाला ते साल. एसटीच्या पाट्या बदलल्या, आभाळानं मात्र काही मनावर घेतलं नाही. किल्लारीकडच्या आमच्या शिवारात विहिरी कोरड्या पडल्या, काळ्या रानाला पाय जाईल एवढ्या भेगा पडल्या. पण आमच्या रानाच्या आत, बांधापासून चांगलं लांब, गवताचा एक हिरवा पट्टा आडवा गेला होता. सरळ, दोरी लावल्यासारखा. त्याच दोरीत मुंग्यांची वारुळं होती, एकापुढं एक.

दर साली नांगर त्यांच्यावरून जायचा. वरच्या गल्ल्या मोडायच्या, खालचं घर शाबूत. चार दिवसांत मातीचे बारीक दाणे पुन्हा त्याच जागी वर यायचे. शिंतोडे पडले तर बाकी रानावरून पाणी वाहून जायचं, इथं आत मुरायचं. मुंग्यांनी टाकलेला भुसा कुजायचा, सांडलेलं बी उगवायचं. गवताच्या दाण्यांना चिमण्या येत, मुंग्यांना टिपायला सरडे. एकदा आमच्या मालकांनी, म्हणजे व्यंकटरावांनी, पेरलेलं बी पळवतात म्हणून तिथं पावडर मारली. मुंग्या गेल्या, आणि त्या साली वाळवीनं उभी तूर खाल्ली. मुंग्या होत्या तोवर वाळवीची टाप नव्हती. खोलातल्या मुंग्या पुन्हा वर आल्या, तेव्हा मालकांनी पुन्हा पावडर आणली नाही.

मग निलंग्याकडचा पाणाड्या आला, माणिकप्पा. तळहातावर नारळ आडवा धरून सारं रान फिरला. हिरव्या पट्ट्यावर आला आणि नारळ उभा राहिला.

"पाणी हितंच हाय, पाटील! मुंग्यांनी आधीच सांगून ठिवलंय."

मालक खूश. शुक्रवारी विहिरीला सुरुवात करायची ठरलं. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. पोटात दुखतंय म्हणाल्या.

त्या पट्ट्याच्या बाजूच्या बांधापलीकडं भामाबाईचं रान. बौद्धवाड्यातली ही बाई, नवरा वारलेला. तिची पट्टी एवढी चिंचोळी, की बैलांना वळायला जागा पुरायची नाही. आमच्याकडं ती रोजानं यायची. धसकटं वेचताना मी सहज विचारलं, "भामाबाई, ह्या मुंग्या अशा सरळ रेघंत का वो?"

"नांगर लागत न्हाई तिथं मुंगी घर करती, सिंधुबाई. बांधावर बगा..."

एवढं बोलून ती थांबली आणि एक धसकट उगाच जोर लावून ओढायला लागली.

मी आमच्या बांधाकडं पाहिलं. नुसती ढेकळं, दर साली नव्यानं चढवलेली. एक वारूळ नव्हतं.

दुपारी ताट वाढताना मी मालकांना विचारलं, "जुना बांध कुठं होता वो?"

"भाकर वाढ," ते म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही.

म्हणजे ठाऊक सगळ्यांनाच होतं. विहीर खोदली की ती दोरी जाणार होती, आणि भामाबाईची गेलेली जमीन दाखवायला शिवारात दुसरी खूण नव्हती.

शुक्रवारी माणसं जमली. भामाबाईही आली, माती उचलायच्या टोपलीसह. तिलाही रोजानं बोलावलं होतं! कुदळीला हळदकुंकू लागलं. विहिरीचा नारळ आमच्यात घरातल्या मोठ्या बाईनं फोडायचा असतो. तुळजाबाई नारळ धरून उभ्या राहिल्या. उभ्याच.

"फोड की माय, ऊन चढायलंय," मालक म्हणाले.

"मायला वाटायलंय, आत खोबरं हाय का न्हाई!" माणिकप्पा म्हणाला. सगळे हसले. भामाबाई हसली नाही, मीही नाही.

तोवर पूजेच्या अक्षता मुंग्यांनी उचलायला घेतल्या होत्या. सासूबाई त्यांच्याकडं बघत होत्या. मी जवळ जाऊन त्यांच्या कोपराला हात लावला.

"भामे, टोपली खाली ठिव," त्या म्हणाल्या.

"ऱ्हाऊ द्या तुळजामाय," भामाबाई घाईनं म्हणाली. "पाणी लागू द्या आधी. साऱ्यांचीच तहान हाय."

"किती साल ऱ्हाऊ द्यायचं गं?"

"माय, चारचौघांत काय काढायलीस?" मालक पुढं आले.

सासूबाईंनी नारळ न फोडता खाली, मुंग्यांच्या वाटेतून जरा बाजूला, ठेवला आणि पदर खोचला.

"व्यंकट, बांध हितं होता. ही नवऱ्यासंगं ऊसतोडीला गेल्ती, तवा तुझ्या बापानं मोडून पलीकडं घातला. ही जागा भामेची हाय."