फाडलेले कोपरे

मयताचं पोस्टकार्ड कोपरा फाडून पाठवायचं, ही आपल्याकडची रीत. असं कार्ड हातात पडलं की माणूस आधी डोक्यावरून पाणी घेतो, मग मेलेल्याचं नाव विचारतो.

फैजपूरच्या लोटननं अशी कार्डं लिहिली. रावेर, एरंडोल, जिथं जिथं सोयरे तिथं तिथं. 'आमची कोकिळा वारली.' कोकिळा वारली नव्हती. तिनं धुळ्याच्या हिलालशी लग्न केलं होतं. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा, निर्व्यसनी पोरगा. पण जात दुसरी. तेवढ्यावरून बापानं पोरगी मारली.

कार्डं बायकोपुढं टाकून लोटन म्हणाला, "फाड कोपरे. जन्म तूच दिला ना?"

बेबाबाईनं फाडले. जन्मभर नवऱ्याचं ऐकणाऱ्या बाईचे हात आधी चालतात, डोकं मागून येतं. तो कार्डं पेटीत टाकायला गेला. ती खाली सांडलेले कोपरे झाडायला बसली आणि तिला ते चुलीत घालवेनात. पदराच्या गाठीत बांधून तिनं रात्र काढली आणि सकाळी ती पोस्टात गेली.

"भाऊ, माहे कार्डं वापस दे."

पोस्टमास्तर पितांबर त्यांच्याच भावकीतला. "अक्का, पेटीत पडलं ते सरकारचं. लिहिणाऱ्याला आण, अर्ज दे. आणि खरं सांगू? लोटनभाऊनं समाजाचं नाक राखलं."

"तुमच्या नाकापायी माही पोर मारता व्हय रे? जित्ती आहे ती!" बेबाबाई पोस्टाच्या दारातच बसली. "आता थैली जाईन तं माह्या अंगावरून जाईन."

मागं तिकिटं घ्यायला आलेली माणसं जमली. कोणी हसलं, कोणी म्हणालं, "देऊन टाक ना मास्तर, कोणाचं मयत थांबलं तं तुहं काय जातं?"

पितांबरनं चरफडत थैली ओतली. "तुझी कोणती, ओळखशील कशी? वाचता येतं का?"

"लिहिलं त्यानं. फाडलं मी." तिनं गाठ सोडली.

कोपरा कार्डाला लावायचा. जुळला की कार्ड उचलायचं. एकेक जुळत गेलं. शेवटी हातात एक कोपरा उरला, त्याचं कार्ड नव्हतं.

पितांबर खाली बघत म्हणाला, "ते धुळ्याचं. लोटनभाऊनं ते पेटीत न टाकता माझ्या हातात दिलं, कालच्याच थैलीत गेलं. पोरीच्याच नावानं."

बेबाबाई एकटी कधी जळगावलाही गेली नव्हती. ती उठली आणि एस.टी.त बसली.

धुळ्यात विचारत विचारत हिलालचं घर सापडलं. दार कोकिळेनं उघडलं. ओले केस, डोळे सुजलेले. आईला बघून तिनं दाराची चौकट धरली.

"माय? तू... मले वाटलं तूच गेली."

कार्ड कोनाड्यात पालथं पडलं होतं. बापाचं अक्षर आणि फाटका कोपरा दिसला, तेवढ्यानंच पोरीनं डोक्यावरून पाणी घेतलं होतं. पुढं वाचायची छाती झाली नव्हती.

"मंग कोण मेलं, माय?"

कार्ड हाताच्या अंतरावर होतं. चुकून आलं म्हणायचं, तुकडे करायचे, संपलं. बेबाबाईचा हात कोनाड्याकडे गेलासुद्धा. पण हाच हात काल असाच मुकाट्यानं चालला होता.

"कोणीच नही मेलं," ती म्हणाली. "वाच. लिहिलं तुह्या बापानं. कोपरा मी फाडला." आणि तिनं उरलेला कोपरा पोरीच्या हातावर ठेवला.

कोकिळेनं वाचलं. केसांचं पाणी कार्डावर टपकत राहिलं.

"म्हंजे मी माह्याच मयताची आंघोळ केली."

तिनं आईला आत ये म्हटलं नाही. दारही लावलं नाही. बेबाबाई उंबऱ्याबाहेर खाली बसली, आणि बसूनच राहिली.