उन्हं उतरेपर्यंत

सिंदी मेघेतल्या त्या गल्लीत सोलर बसवणारा हेमराज पहिलाच. पंचायत समितीतून निवृत्त झाला आणि त्याला विजेचं बिल कमी करायचा नाद लागला. आधी घरातले सगळे बल्ब जाऊन एलईडी आले. मग जुना, घरघरणारा फ्रिज गेला, पंखे बदलले. शेवटी स्लॅबवर पॅनल चढले. शून्याचं बिल आलं त्या दिवशी त्यानं शेजारच्या नागसेनला हाक मारून दारातच ते वाचायला लावलं.

त्याच्या बायकोचा, कांताचा, या कशालाच विरोध नव्हता. तिचे सासरे रामाजी अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. वाचाही गेलेली. ते बाजूच्या टिनाच्या खोलीत असायचे, आणि वर्ध्याच्या उन्हाळ्यात ती खोली म्हणजे नुसती भट्टी. हेमराजनं टिनाखाली थर्माकोलचं छत मारून घेतलं तशी ती खरोखरच निवली. पॅनल बसवायला आलेला अंकित हेमराजच्या मित्राचा जावई. त्यानं पॅनलची वायर त्याच छतातून, टिन आणि थर्माकोलच्या मधल्या पोकळीतून मीटरकडे नेली.

"बाहेरून पाइपातून नेली तर खर्च वाढते, काकाजी," तो म्हणाला.

खर्च वाढवायचा नाही, हे घरात आधीच ठरलेलं होतं.

मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, नवतपा, लागला आणि त्या खोलीत वास येऊ लागला. प्लास्टिक तापल्यासारखा. कांता सासऱ्यांना वरण-भात भरवत होती, तिचा हात मध्येच थांबला. सायंकाळी तिनं मुद्दाम जाऊन हुंगलं, तर काही नाही. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तसा तो पुन्हा आला. एक दिवस आभाळ भरून आलं, तर आलाच नाही.

"नवीन माल हाय, वास तं येनारच," हेमराज म्हणाला. "अंकितले इचारलं मी."

"मंग ऊन असलं तवाच काऊन येते?"

"गरम झाल्यावर वास सुटते कांता, त्यात काय? तू उगाच भेऊन राह्यली."

पण रामाजींचं लक्षण तिला दिसत होतं. दुपार झाली की ते तोंडातला घास गिळेनात. डोळे छताला लावून पडायचे. एकदा त्यांनी चांगल्या बाजूच्या हातानं तिचं मनगट असं आवळलं, की बांगडी रुतली. तिनं वर पाहिलं. पांढऱ्या थर्माकोलवर, खाटेच्या बरोबर वर, एक तपकिरी डाग उमटला होता.

"मामाजीले पुढच्या खोलीत आनू," सासऱ्यांकडे पाहत ती नवऱ्याला म्हणाली.

"तिथं कूलर लावा लागन दिवसभर. इथं थंडगार हायेत बाबा, तं काऊन हलवतं त्याईले? अंकित येते ना पुढच्या हप्त्यात."

तिनं मग जास्त ताणलं नाही. डाग मात्र वाढत गेला.

त्या दुपारी ती भांडी घासत होती. टिनाच्या खोलीतून आधी घशातली घरघर ऐकू आली, मग खाट आपटल्याचा आवाज. ती धावली. डागाच्या जागी भोक पडलं होतं. त्यातून वितळलेले काळे थेंब चादरीवर गळत होते आणि आत तडतड चालली होती.

"अहो! धावा!"

हेमराज झोपेतून उठून थेट बोर्डाकडे पळाला. त्यानं मेन खाली ओढला. पंखे थांबले, फ्रिज थांबला, घर एकदम चूप झालं.

"बंद केलं! मेन बंद हाय, कांता!"

त्या शांततेत तडतड अजूनच स्पष्ट ऐकू येत होती.

हेमराज मेनचा खटका धरून बोर्डापाशीच उभा राहिला. दाराबाहेर अंगणात पांढरं ऊन पडलं होतं. मेन खाली ओढला म्हणून सूर्य बंद होत नाही, हे कांताला तेव्हा कळलं.

तिनं खाटेचं उशाकडचं टोक धरलं. आरडाओरडा ऐकून नागसेन आला, त्यानं पायथा उचलला. रामाजींना दाराबाहेर काढलं आणि मागे अख्खं छत पेटून खाली आलं. नागसेन बादली घेऊन धावला.

"पानी नोका मारू! वायर जिती हाय!" कांता ओरडली, आणि हाताला लागल्या तेवढ्या गोधड्या घेऊन अनवाणीच जिन्यानं वर गेली. स्लॅबवर पाय टेकवेना. एकेक पॅनल ती झाकत सुटली. गोधड्या कमी पडल्या तेव्हा नागसेननं ताडपत्री वर फेकली. खाली तडतड थांबली. जाळ मात्र थांबला नव्हता. अग्निशमनची गाडी आली तोवर टिनाच्या खोलीत काळ्या भिंतीच उरल्या होत्या. छतातून नेलेल्या दोन वायरी वितळून एकमेकींत मिसळल्या होत्या.

"अंधार पडेस्तोवर कोनी हात लावू नोका," गाडीवरचा माणूस म्हणाला. "झाकन सरकलं, की जिती होते हे."

रामाजींना नागसेनच्या ओसरीवर निजवलं. धुरानं त्यांची छाती वाजत होती. डॉक्टर येऊन गेले. रात्र कशी जाते ते पाहू, एवढंच म्हणाले. अंकितचा फोन बंद होता. कांता आपल्या भाजलेल्या तळव्यांना ओलं फडकं लावून सासऱ्यांजवळ बसली.

चारच्या सुमारास झळांचा वारा सुटला. ताडपत्रीचं एक टोक उडालं, खालची काच लखकन चमकली आणि जळक्या खोलीत पुन्हा एकदा तडतडलं.

हेमराज उठला. कोणाशी न बोलता जिना चढला. ताडपत्रीचं टोक ओढून घेतलं आणि डोक्याला दुपट्टा न बांधता, तसाच उन्हात तिच्यावर बसला.

कांतानं खालून त्याला एकदाच पाहिलं. खाली ये, असं ती म्हणाली नाही. सूर्य अजून बराच वर होता.