बारीला निघालेली घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे आणि मी कुणालाही माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा तुम्ही ठेवणार नाही.

माझा जन्म पडेगावच्या पुढच्या माळावर झाला. मुंजाबांच्या काळ्या मेंढ्यांची लोकर त्यांच्या बायकोनं, बानाबाईंनी कातली. मुंजाबांनी मला मागावर विणलं, चिंचोक्यांची खळ लावली आणि उन्हात वाळवलं. खळ लावलेली घोंगडी ताठ असते आणि चांगलीच टोचते. पुढे वापरून वापरून ती मऊ होते. मुंजाबा मेंढरांमागे हिंडायचे तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर असायची. ऊन, वारा, गारपीट, सगळं मी अंगावर घेतलं. तरीही लोक रखडलेल्या कामाला भिजत घोंगडं म्हणतात. तेही मी विसरलेली नाही.

घरात मात्र मला मोठा मान होता. मला अंथरलं की चपला घालून कुणी माझ्यावर यायचं नाही, आणि माझ्यावर बसून कुणी खोटं बोलायचं नाही. भावकीत भांडण लागलं की मुंजाबा दोघांनाही माझ्यावर बसवत आणि म्हणत, "आता बोला." निम्मं भांडण तिथंच मिटायचं. हा रिवाज लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुंजाबा गेले. त्यांची नात रत्नमाला शिकून नर्स झाली. शहरात शिवराज सरांचा क्लास आहे. इटलीला जाणाऱ्या नर्सना ते तिथली भाषा शिकवतात आणि तिकडं कसं राहायचं याचे सल्ले देतात. रत्नमालाला इटलीच्या दक्षिणेला, समुद्रकाठच्या बारी नावाच्या शहरात नोकरी लागली. निघण्याच्या दिवशी सगळ्यांच्या बॅगा क्लासमध्येच काट्यावर ठेवल्या. तिची बॅग दोन किलोनं जास्त भरली. सरांनी चेन उघडली आणि मला दोन बोटांनी धरून बाहेर काढलं.

"हे काय गं? विमानभर मेंढराचा वास सुटंल. बारी दक्षिणेत आहे, समुद्राकाठी. तिथं थंडी नसती."

अख्खा वर्ग हसला. रत्नमालानं मान खाली घातली, मला बाकावर ठेवलं आणि निघून गेली. सरांवर माझा राग आहेच, पण थोडा तिच्यावरही आहे. आजोबांच्या खांद्यावरून उतरलेली मी, आणि ती दोन किलोंना भ्याली.

थोड्याच दिवसांत क्लासच्या दारात चिखल व्हायला लागला आणि सरांनी मला दारात टाकलं. सात महिने मी पायपुसणं होते. येणारा प्रत्येक जण माझ्यावर चपला घासून आत जायचा आणि मी आतले सल्ले ऐकत पडून राहायची. समुद्राकाठचं शहर म्हणजे मुंबईसारखंच हवामान. दुकानं दिवसभर उघडी. चार वाक्यं बोलता आली की भागतं. सरांच्या खुर्चीमागे त्यांचा समुद्राकाठचा मोठा फोटो होता आणि तो बारीचा आहे, असं सगळे समजत. एका दुपारी सर फोनवर कुणाला तरी हसत म्हणाले, "अरे, गोव्याचा आहे तो. कोण विचारतंय?" ते मी ऐकलं. मला बोलता येत नाही हे माझं दुर्दैव, आणि त्यांचं नशीब.

जानेवारीत बानाबाईंना रत्नमालाचा फोन आला. बारीत समुद्रावरून ओला वारा सुटत होता. तिच्या खोलीची फरशी दगडाची, भिंतींना ओल आणि हीटर दिवसातून दोन तास चालणारा. तिला न्यूमोनिया झाला होता. नोकरी अजून पक्की व्हायची होती. पुन्हा अशी आजारी पडलीस तर आम्हाला विचार करावा लागेल, असं हॉस्पिटलनं तिला बजावलं होतं.

"आजी, आजोबांची घोंगडी पाठव."

"तुझ्यापशीच हाय ना ती?"

मग तिनं रडत रडत खरं काय ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बानाबाई क्लासच्या दारात उभ्या होत्या. माझ्यावर कुणाच्या तरी चपला होत्या. त्यांनी त्या हातानं उचलून बाजूला ठेवल्या आणि मला झटकून खांद्यावर घेतलं. सर बाहेर आले.

"मावशी, ते पायपुसणं कुठं नेता?"

"घरी," बानाबाई म्हणाल्या.

त्या एका शब्दावर मी जगले. बानाबाईंनी मला धुऊन, उन्हात वाळवून एका नर्सबरोबर बारीला पाठवलं. मी रत्नमालाच्या अंगावर दोन हिवाळे काढले. ती पुन्हा आजारी पडली नाही आणि तिची नोकरी पक्की झाली. तिची घरमालकीण म्हातारी होती. रोज सकाळी ती दारात खुर्ची टाकून अंगठ्यानं कणकेच्या इवल्याशा वाट्या, म्हणजे तिथला पास्ता, वळत बसायची. तिनं एकदा मला चाचपून पाहिलं, नाकाला लावलं आणि रत्नमालाला सांगितलं की आपल्या बापाचीही मेंढरं होती. शिवराज सरांनी ज्या वासाला नाक मुरडलं, त्याच वासानं तिला बाप आठवला.

या नोव्हेंबरात रत्नमाला रजेवर घरी आली आणि मलाही घेऊन आली. लगेच सरांचा फोन आला. डिसेंबरात नवी तुकडी बारीला निघणार होती, त्यांच्या पालकांचा मेळावा होता. "तू येऊन चार शब्द बोल. क्लासचं नाव होईल."

"येते, सर," ती म्हणाली.

बानाबाईंनी चिंचोके शिजत घातले. मी दोन हिवाळ्यांत छान मऊ झाले होते. त्यांनी मला ताजी, घट्ट खळ लावली आणि दिवसभर उन्हात टाकलं. संध्याकाळी मी पत्र्यासारखी ताठ होते. बानाबाईंच्या मनात काय आहे ते मला कळलं, आणि मला फार बरं वाटलं.

मेळाव्यात रत्नमालानं मला सगळ्यांसमोर अंथरलं. बानाबाई सरांना म्हणाल्या, "आमच्यात घोंगडीवर बसून बोलत्यात. बसलेला मानूस खोटं बोलत नाय. चपला काढा अन् बसा."

"बसा की सर, मानच हाय तो," मागून एक पालक म्हणाले.

सर बसले. मित्रांनो, मी माझ्या अंगातला एकेक केस उभा केला.

रत्नमालानं हळूच विचारलं, "सर, तिथं थंडी नसती म्हणून तुम्ही माझी घोंगडी काढून ठेवली होती. तुम्ही बारीला कधी होता?"

सर चुळबुळले. त्यांनी मांडी बदलली, मी तिकडूनही टोचलं. समोर पन्नास माणसं होती आणि शेजारी बानाबाई.

"मी... गेलेलो नाही कधी."

"मग तो फोटो?" नव्या तुकडीतल्या प्रेरणानं विचारलं.

"गोव्याचा."

कुणी हसलं नाही. मला वाटत होतं, माझ्यावर हसले तसे सगळे हसावेत. पण त्या शांततेत सरांची मान जशी खाली गेली, तशी हसण्यानं गेली नसती.

मग रत्नमाला माझ्यावर बसली.

"थंडी लई बेकार असती, अंगात शिरती. ऊबदार घेऊन जा. दुपारी एकपासून चार-साडेचारपर्यंत दुकानं बंद, तवा दूध-भाजी सकाळीच आणायची. पोचल्यावर आठ दिवसांत पोस्टातून राहण्याच्या परवान्याचा अर्ज टाकायचा, पावती जिवापाड जपायची. खोली घेताना लेखी करार मागायचा. दुकानात पाय ठेवला की आधी नमस्कार करायचा, नाय तर कुणी बघत नाय. अन् आजारी पडलात तर पहिल्याच दिवशी सांगा. मी लाजले, सांगितलं नाय. मरता मरता वाचले."

प्रेरणानं सगळं लिहून घेतलं. शेवटी तिनं मला हात लावून पाहिला. रत्नमालानं माझी घडी करून तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "मला दुसरी विणून घेता येईल. ही तू ने."

आज प्रेरणा निघाली. तोच काटा, तोच बाक. तिचीही बॅग अर्ध्या किलोनं जास्त भरली. सगळे सरांकडे बघत राहिले. सरांनी चेन उघडली. मी वरच होते. त्यांनी मला बाहेर काढलं, खालून क्लासची जाडजूड मार्गदर्शक पुस्तिका काढली, जिच्या मुखपृष्ठावर तोच गोव्याचा फोटो होता, आणि ती बाकावर ठेवली. मग त्यांनी दोन्ही हातांनी माझी नीट घडी घातली आणि मला परत आत ठेवलं. वजन बरोबर भरलं. त्या घडीत मी त्यांना एकदा शेवटचं टोचून घेतलं.

त्या पुस्तिकेचं पायपुसणं करा, असं मी म्हणणार नाही. पुस्तकाला पाय लावू नये, एवढं मला कळतं. तुम्हीही मित्रांनो, घरातली जुनी वस्तू पायाखाली घालण्याआधी तिला आधी मान कुठं होता ते कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि विचारणार नसाल, तर निदान बसताना जपून बसा.