नऊ टाके

साथीनंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात त्या अकरा जणी एका बंद पडलेल्या कपड्यांच्या कारखान्यात राहत होत्या. खिडक्यांना लोखंडी जाळ्या होत्या, अंगणात हातपंप होता, आणि भिंतीलगत शिलाई मशिनी धूळ खात पडल्या होत्या. त्यातल्याच एका मशिनीवर वहिनीने वीस वर्षं काढली होती. तिची नणंद तिला वहिनी म्हणायची, म्हणून मग सगळ्याच तिला वहिनी म्हणू लागल्या.

नणंद नर्स होती. शहरात दुसरी नर्स उरली होती की नाही, देव जाणे. पूर्वी दोघींमधून विस्तव जात नसे. वहिनीचा नवरा साथीत गेला, आणि आता चुलीतला विस्तव फुंकायलाही दोघींना शेजारी बसावं लागे.

त्या दिवशी भर दुपारी फाटक वाजलं. आत कापड कापायच्या टेबलावर त्यांच्यातली सगळ्यात धाकटी बाळंत होत होती. बाळ आडवं आलं होतं. वहिनीने फटीतून पाहिलं, तर बाहेर दोन पुरुष आणि बंदूक घेतलेली एक बाई. भावाचा पाय सडत चाललाय, इथली नर्स हवी, नाहीतर फाटक तोडू, असं ती बाई शांतपणे म्हणाली.

वहिनीने आत जाऊन सांगितलं. नणंदेने मानही वर केली नाही.

"मी आत्ता हात काढला तर ही दोघं जातील."

मागच्या वर्षी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना असंच कुणीतरी नेलं होतं. त्या परत आल्याच नाहीत. वहिनीने खिडकीतली नणंदेची औषधांची पेटी उचलली, आतलं दार ओढून घेतलं आणि फाटकाबाहेर येऊन म्हणाली, "मीच नर्स."

बंदूकवालीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि एका पुरुषाला पुढे ढकललं. पत्र्याने त्याचा दंड चांगला चार बोटं फाटला होता. आधी हा शिवून दाखव, मग निघू.

वहिनीने जीन्स शिवली होती, ताडपत्री शिवली होती. माणूस कधी शिवला नव्हता. तिने जखमेवर स्पिरिट ओतलं, तसा तो कळवळला. पहिला टाका घालताना कातडी सुईला चिवट लागली. मग हातांना आपलं काम सापडलं. आतून कण्हण्याचा आवाज आला, तेव्हा तिने खाली मान घालूनच तापाची पेशंट आहे म्हणून सांगितलं. दुसरा पुरुष चार पावलं मागे सरला. सात, आठ, नऊ. शेवटची गाठ मारून तिने सवयीने दोरा दातांनी तोडला.

"नर्स दोरा दातांनी तोडत नाही," बंदूकवाली म्हणाली.

तेवढ्यात आतून तान्ह्या बाळाचं रडणं आलं, आणि लपवण्यासारखं काही उरलंच नाही. बंदुकीची नळी तिच्या छातीवर टेकली.

"खोटं का बोललीस?"

"खरं सांगितलं असतं तर थांबली असतीस?"

"नसते," बंदूकवाली म्हणाली आणि तिने नळी खाली केली.

नणंद कोपरापर्यंत रक्ताने माखलेली बाहेर आली. तिने आतून सगळं ऐकलं होतं. आधी तिने त्या माणसाचा दंड उजेडाकडे वळवून पाहिला.

"उशीचा अभ्रा शिवावा तसं शिवलंय," ती म्हणाली. "पण घट्ट आहे."

मग तिने बंदूकवालीला सांगितलं, की पायासाठी ती येईल, पण धरून नेलेली नाही, आपल्या पायांनी. बंदूक इथे वहिनीपाशी राहील. ती परत आली की मिळेल. दोघे पुरुष हुज्जत घालू लागले. बंदूकवालीने त्यांच्याकडे पाहिलं, दाराआडून येणारं रडणं ऐकलं, आणि बंदूक वहिनीच्या हातात दिली.

"वन्सं, नका जाऊ," वहिनी हळूच म्हणाली.

"बाळंतिणीला गरम पाणी दे," म्हणत नणंद चालू लागली.

पाच दिवस वहिनी फाटकाशी बसून होती. सहाव्या दिवशी सकाळी रस्त्याच्या वळणावर दोघी दिसल्या. गुडघ्याखाली पाय कापावा लागला होता, पण भाऊ वाचला होता. बंदूकवालीने आपली बंदूक घेतली, मान लववली आणि आल्या वाटेने निघून गेली.

वहिनीला रडू आवरेना.

"रडतेस काय? मी काय माहेरपणाला गेले होते?" नणंद म्हणाली. पण कारखान्याच्या पायऱ्या चढताना तिने सगळा भार वहिनीच्या खांद्यावर टाकला, आणि वर पोचल्यावरही हात काढला नाही.