डाग न पडणारा गणवेश

गुरप्पा मालकांच्या गणवेशाच्या कारखान्यात मी परदेशी ऑर्डरींचं काम बघते. कापडावर डाग पडू नये, पाणी ओघळून जावं म्हणून तिथं त्यावर एक रसायन मारतात. यंदा गिऱ्हाइकानं अख्खा माल परत पाठवला. ते रसायन कशानंच नष्ट होत नाही, प्यायच्या पाण्यात उतरतं आणि माणसाच्या रक्तात ठाण मांडून बसतं. तिकडं त्यावर बंदी आलीय.

"आता या मालाचं काय करायचं?" मी मालकांना विचारलं.

"हितं कुटं बंदी हाय?" ते म्हणाले, आणि सगळे शर्ट माझ्या लेकीच्या, काव्याच्या शाळेला देऊन टाकले. मोठ्या मनाचा माणूस.

फुकट मिळतंय म्हटल्यावर शाळेनं गणवेशाचा रंगच बदलला. मालकांचा सत्कार झाला, शाल-श्रीफळ दिलं. त्यांनी एक शर्ट पसरून त्यावर कपभर चहा ओतला. चहा घरंगळून खाली गेला आणि पोरांनी टाळ्या पिटल्या.

मुख्याध्यापिका इंद्रायणीबाईंना गाठून मी सगळं सांगितलं.

"सरकारची बंदी आहे का, चेतनाताई?"

"नाही."

"मग मी कशाच्या जोरावर नको म्हणू? इथं निम्म्या पोरांना धड शर्ट नसतो."

कारखान्याचं पाणी आमच्या घरामागच्या नाल्यात जातं. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, मधे आम्ही बोअरचंच पितो. ते तपासायला दिलं, तर उत्तर मिळालं की या रसायनाची मर्यादाच आपल्याकडं ठरलेली नाही, म्हणून पाणी पास. माझं डोकंच फिरलं. नवा शर्ट मी माळ्यावर टाकला आणि काव्याला जुन्याच गणवेशात पाठवत राहिले.

एका संध्याकाळी ती डोळे सुजवून घरी आली. गणवेश नाही म्हणून प्रार्थनेला तिला रांगेबाहेर उभं केलं होतं. शर्ट कुठल्या रंगाचा हवा याचा नियम आहे, त्यात काय भिनलंय याचा नाही.

सकाळी ती माळ्यावरचा शर्ट काढून, अंगात घालून माझ्यापुढं आली. तोंड नुकतंच धुतलं होतं, हनुवटीवरचे थेंब शर्टावरून घरंगळत होते.

"आई, मला रांगेत उभं राहायचंय."

मी तिची बटणं लावली. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. तिच्या बाटलीत बोअरचं भरून दिलं.