बाळाच्या कार्डावरचं आडनाव

उठाव झाल्याच्या तिसऱ्या दिवशी मी नवऱ्याची प्रमाणपत्रं कोळशाच्या शेगडीत जाळली. शाळेचं, कॉलेजचं, मंत्रालयातल्या नेमणुकीचं. सगळ्यांवर एकच आडनाव होतं, व्हीलर. राष्ट्राध्यक्षांचं. ते आता राष्ट्राध्यक्ष नव्हते, आणि रेडिओवर त्यांच्या नातलगांची यादी वाचत होते.

माझा नवरा फ्लोमो त्यांचा कुणीच नव्हता. सहा वर्षांचा असताना आईने त्याला गावाहून राजधानीत, मन्रोव्हियाला आणून व्हीलरांच्या एका घरी ठेवलं, शिकायला म्हणून. अशी मुलं मोठ्या घरांतून असायचीच. पाणी भरायची, बूट पुसायची, मागच्या पायरीवर जेवायची आणि त्या घराचं आडनाव लावायची. पुढे फ्लोमोने नुसतं नाव सांगितलं तरी कचेरीतले कारकून खुर्ची सोडायचे. खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडायचं. मुलगा झाला तेव्हा त्या घरच्या म्हाताऱ्याचं सबंध नाव बाळाला ठेवायचा हट्ट माझाच. ज्युनियस व्हीलर.

बाळाचा ताप काही उतरेना. दवाखाना पुलापलीकडे होता आणि पुलावर सैनिक होते. सासूबाई, म्हणजे फ्लोमोची आई गोर्पू, बाळंतपणासाठी आल्या होत्या त्या इथेच अडकल्या. उठाववाले सैनिक गावाकडचे, म्हणून दोन दिवस त्या फ्लोमोकडून त्याच्या गावच्या क्पेले भाषेतली चार वाक्यं घोटून घेत होत्या. व्हीलरांच्या घरात क्पेले शब्दाला थप्पड मिळायची, त्यामुळे त्याची जीभ वळत नव्हती. त्या चिडून म्हणाल्या, "कोंबडंसुद्धा आपल्या भाषेत ओरडतं रे."

चौथ्या दिवशी सकाळी निघालो. पुलावरचा सैनिक क्पेलेच निघाला. मला वाटलं, सुटलो. फ्लोमोने बापाचं आडनाव लावून नाव सांगितलं, फ्लोमो केरकुला. गाव सांगितलं. चारही वाक्यं नीट बोलला. सैनिक हसला, सिगारेट विचारली, आणि बाळाला पाठीशी बांधलेलं माझं कापड सोडायला लावलं. आत काय लपवलंय ते बघायला.

बाळाला हातात घेतलं तसं कापडातून त्याचं दवाखान्याचं कार्ड खाली पडलं. सगळं जाळलं होतं मी. ते तेवढं विसरले होते.

त्याने अक्षर अक्षर लावत वाचलं. मग फ्लोमोला विचारलं, "व्हीलर म्हणजे काय रे?"

"इंग्रजी नाव आहे. गाडीची चाकं बनवणारा."

"तुझा आजा चाकं बनवायचा?"

"भात लावायचा."

"मग हे चाक कुणाच्या गाडीचं?" मागचे दोघे हसले. त्याने पाचवं वाक्य क्पेलेत विचारलं. फ्लोमोने पाठ केलेलं पहिलंच वाक्य पुन्हा म्हटलं.

सासूबाई पुढे झाल्या. पायातल्या चपला बाजूला काढून ठेवून त्या सैनिकासमोर उभ्या राहिल्या आणि क्पेलेत बोलू लागल्या. गावाचं नाव, नवऱ्याचं नाव, कुठल्या ओढ्याकाठी फ्लोमो जन्मला ते. सैनिकाने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. त्यांना तो आईच म्हणत होता.

"आई, हा तुझा की त्यांचा?"

"पोटचा माझा. दिला मीच."

"मग परत कधी घेतलास?"

सासूबाईंनी चपला पायात घातल्या. कधी घेतला असता? आम्हाला कुणालाच तो परत नको होता.

सैनिकाने कार्ड खिशात घातलं. "चर्चच्या मागे, निळं फाटक," कार्डावरचा पत्ता त्याने पाठ म्हणून दाखवला. "जा, पोराला औषध आणा. रविवारी मी बघायला येतो, ताप उतरला का ते."

औषध घेऊन घरी परतलो. पळून जायचं तर गावाकडचा रस्ता सैनिकांनी बंद केला होता. शेजाऱ्यांनी आमच्याकडे येणं सोडलं होतं.

शनिवारी ताप उतरला. बाळ दूध प्यायलं, हसलंसुद्धा. बाहेर फ्लोमो फाटकाला हिरवा रंग देत होता. कुठून आणला, मी विचारलं नाही. दोन हात झाले तरी खालचा निळा दिसतच होता, म्हणून तो तिसरा देऊ लागला. सासूबाई पायरीवर बसून त्याला शब्द सांगत होत्या आणि तो ब्रश फिरवत ते पुन्हा म्हणत होता. पाणी. भात. मुलगा. माझा मुलगा.

मी बाळाला घेऊन खिडकीशी उभी होते. समोरच्या घरातून बायका बघत होत्या. रंगाचा वास चर्चपर्यंत जात असणार. सबंध गल्लीत ओलं फाटक एकच होतं.