हौसाचा पाय सावकाश परत येतो

मी एक हातोडी. खिळे ठोकणाऱ्या जातीतली नव्हे. माझं डोकं रबराचं, तिकोनी, लाल. दांडा स्टीलचा, वीतभर. डॉक्टर आणि नर्स मला माणसाच्या गुडघ्यावर किंवा टाचेच्या वरच्या जाड शिरेवर हलकेच मारतात आणि पाय कसा हलतो ते बघतात. झटकन हलला, झटकन जागेवर आला, की आतल्या तारा शाबूत आहेत असं समजायचं. म्हणजे माणसाच्या शब्दावर विश्वास न ठेवणं हाच माझा धंदा. मला काही झालेलं नाही असं तुम्ही शपथेवर सांगा, मी एकदा ठोकून बघणारच. अशा कामात राहून माझा स्वभाव संशयी झाला असेल तर दोष मला देऊ नका.

माझा जन्म मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. १९९१ साली कागदात गुंडाळून मी पेणला आले. एका खाजगी रुग्णालयाच्या माडीवर नर्सिंगची शाळा चालायची. खिडकीखाली गणपतींचा कारखाना होता, त्यामुळे वर्गात स्पिरिटचा आणि ओल्या शाडूचा वास एकत्र यायचा. मला विमलबाईंच्या टेबलाच्या खणात जागा मिळाली. विमलबाई शाळेच्या मुख्य शिक्षिका. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा, आणि खण बंद केल्यावर तो ओढून बघायची त्यांना सवय होती. पहिल्याच दिवशी मला वाटलं, बाई आपल्यातल्या दिसतात.

मुलींना सरावासाठी माणूस हवा असतो. आजारी माणसं काही शिकाऊ पोरींकडून ठोकून घ्यायला तयार होत नाहीत. म्हणून विमलबाईंनी युक्ती काढली. रुग्णालयात हौसा नावाची आया होती, खाडीकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातली. तिला वर बोलवायचं, खुर्चीवर पाठमोरी गुडघे टेकून बसवायचं, पावलं मागे लोंबती सोडायची, आणि मुलींनी एकेक करून तिला तपासायचं. नाडी बघायची, पापणी ओढून रक्ताचा रंग बघायचा, गळा चाचपायचा, शेवटी मला घेऊन टाचेवर मारायचं. वहीत चार मथळे असत: मज्जासंस्था, अंतःस्रावी ग्रंथी, रक्त, हृदय. चारही मथळ्यांखाली हौसा.

हौसाला त्याचं कौतुक होतं. "माज्यावर शिकून पोरी कुवेतला गेल्यान," असं ती खाली वॉर्डात सांगायची.

पहिल्या तुकडीतल्या एका हुशार मुलीने तिला मन लावून तपासलं आणि सुरेख अक्षरात लिहिलं: वय एकेचाळीस, नाडी अठ्ठ्याहत्तर, पापण्या लालसर, गळा नॉर्मल, पायाचा प्रतिसाद नॉर्मल. ते साल होतं १९९२. ती वही पुढच्या तुकडीकडे गेली. तिथून तिच्या पुढच्या. मुली हौसाला खुर्चीवर बसवायच्या, मला तिच्या टाचेवर टेकवल्यासारखं करायच्या, तोंडाने कालच्या सिनेमाच्या गप्पा आणि हाताने नक्कल. पाच वर्षं हौसाचं वय एकेचाळीसच राहिलं.

बाकीच्या वेळात माझे काय हाल झाले ते विचारू नका. किमया नावाच्या मुलीने तर माझ्या दांड्याने लोणच्याच्या बरणीचं झाकण उचकटलं. महिनाभर मला मोहरीचा वास येत होता.

आता मी माझा गुन्हा सांगते. १९९५ च्या सुमारास मला कळलं होतं. एखादीचा हात चुकून खरंच बसला की हौसाचं पाऊल हलायचं नीट, पण परत येताना रेंगाळायचं. दर महिन्याला थोडं जास्त. तो पाय माझ्याइतका कुणालाच ओळखीचा नव्हता. आणि मला वाटलं काय, तर बाई सोंग करतेय! कामाचा कंटाळा आला असेल, लोकांनी कीव करावी असं वाटत असेल. संशय घ्यायची सवय लागली की तो कुणावर घ्यायचा हेही कळेनासं होतं.

हळूहळू खालच्या लोकांच्याही हौसातला बदल लक्षात आला. हौसाचा चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला. आवाज घोगरा झाला, तेव्हा वॉर्डात कुजबुज झाली की ही पिते. पेणच्या मे महिन्यात ती स्वेटर घालून यायची. त्यावर म्हणे, आत काहीतरी लपवून नेत असेल. लादी पुसता पुसता भिंतीला टेकून झोपायची. अशात १९९७ च्या एप्रिलमध्ये औषधांच्या कपाटातून झोपेच्या गोळ्यांची एक पट्टी नाहीशी झाली. मग काय, कुणी काही बघितलं नव्हतं आणि सगळ्यांना सगळं कळलं.

विमलबाईंनी तिला वर बोलावलं. "हौसा, खरं सांग. गोळ्या तू घेतल्यास?"

"मना गोल्या कशाला लागतान, बाई? मना तर उभ्या उभ्या झोप येतंय."

"तेच म्हणतेय मी."

हौसाने स्वेटर अंगाशी ओढून घेतला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "कामावरनं काढा, पन चोर म्हनून नका धाडू. गावात माजी पोर लग्नाची हाय."

ती गेल्यावर बाईंनी तिला काढल्याचं पत्र लिहिलं आणि माझ्याच खणात ठेवलं. त्यात चोरीचा उल्लेख होता. तारीख मात्र मोकळी ठेवली होती. मे महिन्यात प्रात्यक्षिक परीक्षा होती, आणि परीक्षेला तपासायला हौसा हवी होती. तेवढ्यापुरती.

याच वर्षी फिजा नावाची मुलगी तुकडीत आली होती. रोह्याजवळच्या खांब गावची. वडील दोहाला नोकरीला. कावीळ झाल्याने ती दोन महिने उशिरा आली, आणि वसतिगृहात जागा उरली नव्हती म्हणून विमलबाईंनी तिला स्वतःच्या शेजारची खोली दिली. झालं! मुलींनी ठरवून टाकलं की ही बाईंची हेर. तिच्यासमोर गप्पा बंद, आणि जुनी वही तर तिच्या दृष्टीस पडू द्यायची नाही असा किमयाचा हुकूम. मलाही फिजाचं लक्षण ठीक वाटत नव्हतं. इतकी कमी बोलणारी मुलगी मनात काहीतरी शिजवत असणार, असं माझं मत.

तर नक्कल करायला वही नाही म्हणून फिजावर हौसाला खरोखर तपासायची वेळ आली. परीक्षेआधीच्या आठवड्यातली दुपार. बाकी मुली जेवून आडव्या झालेल्या. फिजाने मला बाईंकडून मागून घेतलं आणि हौसाला खुर्चीवर बसवलं.

"मावशी, पाय सैल सोडा."

"सैलच हाय गो. तू मार."

फिजाने मारलं. पाऊल खाली गेलं आणि हळूहळू, जड पोतं उचलावं तसं, वर आलं. तिने पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा मारलं. मग दुसऱ्या पायावर. मग मला बाजूला ठेवून तिने वडिलांनी पाठवलेल्या घड्याळावर नाडी मोजली, पूर्ण एक मिनिट. चोपन्न. पापणी खाली ओढली, आत फिकट. भुवयांचे बाहेरचे केस गळलेले. हाताची कातडी खरखरीत.

"मावशी, तुम्हाला थंडी वाजते?"

"वाजतंय ना. दोन वर्सं झाली. कोन विचारतंय?"

फिजाने पुस्तक उघडलं. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंद पडली की काय होतं, त्या पानावर बोट ठेवून ती एकेक ओळ वाचत गेली आणि मध्येमध्ये हौसाकडे बघत गेली. एका ग्रंथीने हात आखडता घेतला की नाडी मंदावते, रक्त कमी होतं, नसांचं उत्तर रेंगाळतं, झोप सुटत नाही. तिच्या वहीतल्या चारही मथळ्यांचं उत्तर त्या एका पानावर होतं. तिने वहीत लिहिलं: हौसाचा पाय सावकाश परत येतो.

वही बघून विमलबाईंचा चेहरा बदलला. "पाच वर्षं सगळ्या मुली नॉर्मल लिहितात. त्या सगळ्या आंधळ्या?"

"बाई, तुम्ही एकदा मारून बघा ना."

"असं लिही म्हणून हौसाने सांगितलं तुला? गोळ्यांवरून सुटायला?"

फिजाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती नाही म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. बाईंनी लाल पेनाने ती ओळ खोडली. मी टेबलावरच होते, बाईंच्या हातापासून चार बोटांवर. उचलून एकदा ठोकलं असतं तर काम झालं असतं. उचललं नाही. तेव्हा पहिल्यांदा मला माझ्या जातीच्या माणसाची लाज वाटली, आणि माझीही.

परीक्षेला बाहेरून रोह्याचे डॉक्टर दत्तात्रेय गांगल आले. किडकिडीत, चष्मा कपाळावर. खुर्चीवर हौसा स्वेटर घालून पाठमोरी बसलेली. डॉक्टरांनी वह्यांचा गठ्ठा चाळायला घेतला आणि तिसऱ्या वहीवर थांबले.

"हौसाबाई, वय काय तुमचं?"

"मना काय म्हाईत? माजी पोर यांच्याएवढी हाय."

"या वहीत एकेचाळीस. या वहीतही एकेचाळीस. मागच्या वर्षी मीच परीक्षेला होतो, तेव्हाही एकेचाळीसच वाचल्यासारखं आठवतंय." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि किमयाला पुढे बोलावलं. "मारा."

किमयाने मला उचललं, मारलं आणि डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "नॉर्मल, सर."

"पाय इकडे नाहीये, तिकडे आहे," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांच्या हाती फिजाची वही आली. लाल रेघेखालची ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग मला उचललं. आयुष्यात इतक्या नेमक्या जागी मला कुणी मारलं नव्हतं. पाऊल खाली गेलं. सगळा वर्ग बघत होता. खालून शाडू मळणाऱ्यांचा आवाज येत होता. पाऊल सावकाश परत आलं.

"पुन्हा मारतो. सगळ्यांनी बघा. बाई, तुम्हीही."

विमलबाई पुढे आल्या. बघितलं. त्यांचा हात कमरेच्या किल्ल्यांवर गेला आणि तिथेच राहिला.

हौसाचं रक्त मुंबईला पाठवलं. आठ दिवसांनी कागद आला: ग्रंथी जवळजवळ बंदच पडली होती. आणखी वर्षभर असंच चाललं असतं तर ही बाई एक दिवस झोपेतून उठली नसती, असं गांगल डॉक्टर म्हणाले. रोज सकाळी रिकाम्या पोटी एक बारीक गोळी सुरू झाली. पावसाळा सरता सरता स्वेटर गेला, आवाज मोकळा झाला, आणि वॉर्डात हौसाची कटकट पुन्हा ऐकू येऊ लागली. मला इतका आनंद झाला की तो सांगायला माझ्याकडे तोंड नाही, एवढंच.

गोळ्यांची ती पट्टी कुणी नेली ते कधीच कळलं नाही. माझा संशय एकावर आहे, पण नाव घेणार नाही. एकदा मी न बघता संशय घेतला होता, तेवढं पुरे.

विमलबाईंनी ते पत्र लगेच फाडलं नाही. घडी करून माझ्याखाली ठेवलं. दिवाळीनंतर एके दुपारी त्यांनी हौसाला वर बोलावलं, स्वतः खुर्ची पुसली, आणि मला हातात घेतलं. मारलं. पाऊल गेलं आणि आलं, कधी आलं ते कळलंही नाही. बाईंनी खण उघडला, पत्र काढलं, त्याचे तुकडे तुकडे केले. म्हणाल्या, "हौसामावशी, माझं चुकलं." सहा वर्षांत त्यांनी तिला मावशी म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"चुकतंय गो बाई," हौसा म्हणाली. "पन गुडगं दुखतान, जरा उतरू द्या."

फिजा आता रोह्याला नोकरी करते. मी अजून त्याच खणात आहे. १९९९ साल आहे, रबराला भेगा पडल्यात, दांड्याची चकाकी गेलीय. नवी तुकडी आली आहे. हौसा ठणठणीत, खुर्चीवर पाठमोरी. आणि परवा एका मुलीने मला तिच्या टाचेवर नुसतं टेकवलं आणि शेजारच्या वहीत बघत लिहायला लागली. मी चोरून वाचलं. वय एकेचाळीस. नाडी चोपन्न. हौसाचा पाय सावकाश परत येतो.

नकलेची ही नवी वही फिजाच्या वहीवरून केलेली होती. लाल रेघ गाळून कुणीतरी स्वच्छ उतरवून घेतलेली. वय मात्र जुन्याच वहीतलं.

मी काय बोलणार! पण हौसाने मान वळवली. मुलीचं लिहिणं तिला वाचता येत नाही. इतक्या लवकर संपलेलं लिहिणं मात्र ती आता ओळखते.

"काय लिवलंस गो?"

"पाय सावकाश येतो, मावशी."

"माजा पाय बेगीन येतो आता," हौसा म्हणाली आणि पावलं पुन्हा सैल सोडली. "खोड ते. मार, आनि माज्या पायाकडं बघ."